फॅमिली डेच्या खुर्च्या

इव्हेंट मॅनेजमेंट शिकताना मी पर्यटन हा विशेष विषय घेतला होता. वर्गात आम्ही राजस्थानच्या सहली आखायचो. प्रात्यक्षिकाला मात्र वाट्याला आला निघोज्याजवळच्या एका कंपनीचा फॅमिली डे, आणि नेमके माझे वडील त्याच कंपनीत कामगार होते. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना कंपनी आतून दाखवतात. आमच्या आखणीत शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालतात त्या भागात, एक धावती फेरी होती. बाकी सगळा दिवस मंडपात, जादूगार आणि जेवण. मशिनं बघण्यात कुणाला कसला रस, असं आमचं एकमत होतं.

लोक शॉपमधून हलेचनात. जो तो आपल्या माणसाच्या मशिनपाशी फोटो काढत होता. मी त्यांना बाहेर काढायला आत गेले, तर वडिलांच्या मशिनपाशी आई उभी. ती मशिनकडे बघतच नव्हती, आजूबाजूला काहीतरी शोधत होती.

"तुम्ही बसता कुठं?" तिनं वडिलांना विचारलं.

"इथं बसायचं नसतं," ते म्हणाले.

बाहेर आमची निवेदिका माइकवरून सांगत होती, पुढच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, कृपया बसून घ्या.