मी बोलत होते म्हणून

मला गप्प बसता येत नाही, हे रावपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माहेरी तेच ऐकलं, सासरीही तेच. माझ्या यजमानांनी, म्हणजे यांनी, मात्र कधी तक्रार केली नाही. स्कूटरवर मागे बसले की मी सगळा रस्ता सांगत जायची. "अहो, डावीकडून सायकल. म्हैस आहे, म्हैस! हळू, पुढे खड्डा." हे मुकाट ऐकायचे आणि तसंच करायचे. बायकोचं इतकं ऐकणारा नवरा अख्ख्या बडोद्यात शोधून सापडायचा नाही, असं शेजारणी म्हणायच्या, आणि मी मेली फुशारून जायची.

यांना डावीकडची सायकल दिसतच नव्हती. हे मला कळायला सहा वर्षं लागली.

हे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. नव्वदनंतर तिथले लाकडी बोर्ड गेले आणि कॉम्प्युटर आले. संध्याकाळी घरी आले की डोळे चोळत बसायचे. "त्या डबड्यानं डोळे दमतात," म्हणायचे, आणि मी गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटला की, "लक्ष कुठंय तुमचं?" म्हणून ओरडायची. रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की मीच आधी मोठ्यानं नाव घेऊन "केम छो?" करायची, म्हणजे यांना कोण आलंय ते कळायचं. मी हे मुद्दाम करत होते का? थोडं कळत होतं, थोडं कळून घ्यायचं नव्हतं.

घरात जेवताना तर कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आमच्याकडे पान वाढायची रीत ठरलेली. वरती मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात माझ्याकडून ते घोटून घेतलं होतं. बोट जिथं जाईल तिथं तो पदार्थ असायचाच. हे पानात न बघता जेवायचे. मला वाटायचं, कारखान्याच्या विचारात असतील.

मग आमचे गुजराती शेजारी तरसालीला घर बांधून गेले आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो. हे पुरुषांच्या टेबलाशी, मी समोर बायकांत. वाढप्यानं यांच्या डाव्या हाताला कढत दाळीची वाटी ठेवली. यांनी चटणीसाठी बोटं नेली ती थेट दाळीत. हात झटकला, वाटी उलटली, आणि शेजारच्या गृहस्थांचा पांढरा सफारी पिवळा झाला. माणसं हसली. हेही हसले. हसणं सरल्यावर मात्र यांनी बोटं पुन्हा तिथंच नेली, हळूच, कोणी बघत नाही ना अशा बेतानं, आणि आता तिथं काय आहे ते चाचपून पाहिलं. ते चाचपणं मी बघितलं. माझा नवरा आंधळा होत चालला होता आणि मी त्याला रस्ता सांगत बसले होते.

काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो. "गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं सांभाळू," असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, "इतकी वर्षं कुठं धडपडले कसे नाहीत?" हे खाली मान घालून बसले. धडपडले असते तर वेळेवर इथं आले असते. मी त्यांना धडपडू दिलं नव्हतं.

परतताना रिक्षात मी भांडलेच. "एका शब्दानं सांगायचं नाही का हो मला?"

हे म्हणाले, "तू सांगत होतीस ना सगळं. मला वाटायचं, दिसतंय."

उरलेलंही सांभाळलं गेलं नाही. थेंब झाले, ऑपरेशन झालं, आणि दोन वर्षांत खिडकीचा उजेड कळण्याइतकंच राहिलं. नोकरी सुटली. हे दिवसभर खुर्चीत बसायचे आणि मी चप्पल पायात घालण्यापासून घास हातात देण्यापर्यंत सगळं करायची. मला पाप फेडायचं होतं ना! हे दिवसेंदिवस अबोल होत गेले. एकदा म्हणाले, "मला उचलून कपाटात ठेव, म्हणजे झालं."

एकदा माझ्या भावाला फोन करायला आम्ही सयाजीगंजात एका एसटीडी बूथवर गेलो. बूथ चालवणारे पन्नाशीचे गृहस्थ स्वतःच आंधळे होते. "पायरी आहे, उजवा पाय, आता डावा," हे माझं चाललेलं त्यांनी ऐकलं आणि यांना विचारलं, "भाई, क्यारथी नथी देखातुं?" कधीपासून दिसत नाही, ते मीच सांगायला लागले.

"बेन, में एमने पूछ्युं," ते म्हणाले. म्हणजे प्रश्न मला नव्हता, यांना होता.

मला असा राग आला! पण हे बोलले. दोन वर्षांत बोलले नव्हते इतकं, त्या लाकडी बाकावर बसून, परक्या माणसाशी. त्या गृहस्थांनी आपली पांढरी काठी यांच्या हातात दिली. दर रविवारी ते एका शाळेच्या मैदानात काठीनं चालायला शिकवत. "साहेबांना पाठवा," म्हणाले, "आणि तुम्ही लांब बसा."

सहा महिने मी मैदानाच्या कडेला तोंड दाबून बसले. मग एक दिवस यांना स्टेशनपासून बूथपर्यंत एकट्यानं जायचं होतं. मी मागून यायचं, पण बोलायचं नाही. "आज तुम्ही एक शब्द बोललात, तर साहेब पुन्हा खुर्चीत," त्या गृहस्थांनी बजावलं.

अर्ध्या रस्त्यात शेंगदाण्याची हातगाडी आडवी लागली होती. यांची नडगी तिच्यावर जोरात आपटली. काठी सुटली. हे वाकले, रस्त्यावर हात फिरवू लागले, आणि मला दिसत होतं की काठी डाव्या पावलापाशीच पडलीय. मी इतकी जवळ होते की हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता.

"आहेस का गं?" त्यांनी विचारलं.

रिक्षा भोंगे वाजवत जात होत्या. हे थांबले, मान वळवून माझ्या बाजूला कान दिला. चेहरा घाबरलेला होता, लहान मुलाचा असतो तसा. "अगं, आहेस ना?"

मी पदर तोंडात कोंबला आणि उभी राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांना काठी सापडली. ते उठले, गाडीला वळसा घातला आणि चालायला लागले.

घरी मी चहा देताना यांनी विचारलं, "तू होतीस तिथं?"

"छे! मी स्टेशनवरच थांबले होते."

"म्हणजे मी हाक मारली तेव्हा कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं."

"म्हणजे एकटा आलो मी," हे म्हणाले, आणि अडीच वर्षांनी पहिल्यांदा हसले. मी समोर बसून रडत होते. तोंड लपवायची आता गरज नव्हती. आवाज तेवढा सांभाळला आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"