डाव्या पायाची सवय

आमच्या घरात गाडी आली ती एका मुंबईच्या शेठला नकोशी झाली म्हणून. अमेरिकन बनावटीची, कोळ्यांच्या मचव्याएवढी लांब, आणि ऑटोमॅटिक. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा. पनवेलमध्ये तोवर ऑटोमॅटिक गाडी कोणी पाहिली नव्हती. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात, ड्रायव्हरने फक्त बसायचं आणि पाय दाबायचा. स्टँडवरचे टॅक्सीवाले वाकून वाकून आत बघत आणि माझ्या भावाला चिडवत, की तुझ्या डाव्या पायाला सरकारने पेन्शन दिली वाटतं.

भाऊ माझ्याहून सहा-सात वर्षांनी धाकटा. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, आणि आई गेल्यापासून घर माझ्याच हातात होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, मिठागरावर राबून राबून पाय फाटलेला माणूस. भाऊ मिठागरावर उतरला नाही याचा त्यांना कोण आनंद. तो कित्येक वर्षं मिठाचा ट्रक चालवायचा आणि आता टॅक्सीवाला झाला होता. आबा चावडीवर बसून सांगायचे की माझ्या पोराचे पाय कोरडे राहिले. गावातल्या लोकांना ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता, मलाही.

गाडी दिसायला राणी आणि चालायला म्हैस. उभी राहिली की उठायचं नाव नाही. भावाने पाय दाबला की आधी नुसतं घुरघुरायची, मग अंगावरची माशी हलवल्यासारखी थरथरायची आणि मग कुठे पुढे सरकायची. चढावर तर उतारू खाली उतरून चालत आणि वर जाऊन गाडीची वाट बघत. यात अतिशयोक्ती असेल तर थोडीच आहे. मी स्वतः त्या गाडीतून खोपोलीला जाताना एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं होतं, आणि गाडीवानाने मागे वळून बघितलंही नाही. आम्ही हसायचो. तोवर ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

मग खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून निरोप आला. तिथल्या एका मचव्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलाच्या छातीत दुखत होतं, मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. पनवेलात तेव्हा अशा वेळी टॅक्सी हाच आधार. भावाने म्हाताऱ्याला मागच्या सीटवर निजवलं, त्याची बायको पायाशी बसली, आणि ते तळोजा, शीळ करत निघाले. मुंब्र्याजवळच्या चढावर पुढे एक ट्रक थांबला, म्हणून भावालाही थांबावं लागलं. ट्रक निघून गेला तरी आमची गाडी उठेना. भावाने पाय तळापर्यंत दाबून धरला होता, इंजिन बोंबलत होतं आणि गाडी गोगलगायीसारखी चढत होती. ठाण्याच्या अलीकडे म्हातारा गेला.

भाऊ घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या गाडीत जगला असता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आबांनी त्याला समजावलं की म्हातारा गाडीत निजवला तेव्हाच संपलेला होता. पण म्हाताऱ्याची बायको वाटेत भावाच्या खांद्याला हात लावून म्हणाली होती, ‘पोरा, जरा दमानं नको, जरा जोरानं.’ ते तो विसरायला तयार नव्हता. त्या दिवसापासून त्याने एकच धरलं की गाडीला पिकअप पाहिजे. पिकअप हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकला नव्हता. जेवताना पिकअप, झोपताना पिकअप. मला तर त्या शब्दाचाच वीट आला.

स्टँडच्या मागे चिंचेखाली एका मुसलमान मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रकचं काम करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण असला गिअर बॉक्स त्यानेही आधी उघडलेला नव्हता. तसं त्याने कबूल केलं आणि तरी उघडला. आपल्याकडची हीच गंमत आहे, माहीत नाही म्हणून कोणी थांबत नाही. आधी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, काही फरक नाही. मग त्याने गिअर बॉक्सच्या आतले ढिले पडलेले पट्टे आवळले. अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअर बॉक्सपर्यंत एक दांडी जात होती, ती कापून आखूड केली, म्हणजे गाडी खालचा गिअर लवकर सोडणार नाही. आणि उभ्या गाडीचं इंजिन मरतुकडं चालायचं, त्याचा वेग स्क्रू पिळून वाढवला.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा मिस्त्री दाराला हात टेकून उभा होता, तो हिसक्यासरशी धुळीत बसला. गाडी गोफणीतून सुटल्यासारखी गेली. भाऊ कोपऱ्यावरून परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. तांडेल गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मिस्त्री धूळ झटकत म्हणाला, ‘उभी असली तरी ब्रेकवर पाय ठेव. हिला आता सबर नाही.’ भावाने मान हलवली. ऐकलं त्याने, नाही ऐकलं असं नाही.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्याकडे गाडीचं मोठं काम निघालं की पूजेशिवाय ती धंद्याला काढत नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवायचं, घरातल्या वडीलधाऱ्याने गाडीपुढे नारळ फोडायचा. हे सगळीकडेच करतात. पण पनवेलच्या मीठवाल्या ट्रक ड्रायव्हरांची त्यात एक भर होती. ड्रायव्हरने आत बसून गाडी गिअरमध्ये घालून क्लच दाबून धरायचा, आणि नारळ फुटला की इंजिनला जोराची रेस द्यायची. ती म्हणे गाडीची सलामी. गाडीने डरकाळी फोडली की देव खूश, ड्रायव्हर खूश. मग समोरचा माणूस नारळाची भकलं उचलून बाजूला झाला की क्लच सोडायचा आणि लिंबं चिरडत निघायचं. भावाने ट्रकवर ही सलामी किती दसऱ्यांना दिली असेल, त्याचा हिशोब नाही. या गाडीवर मात्र एकदाही दिली नव्हती. ती आणली त्या दिवशी तिची बॅटरी उतरलेली होती आणि आम्ही बंद गाडीचीच पूजा केली होती.

पूजा चिंचेखालीच झाली. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. मी हळदकुंकू वाहिलं, बॉनेटवर झेंडूचा हार घातला आणि बाजूला उभी राहिले. आबा गाडीपुढे, त्यांच्या मागे दोन हातांवर गॅरेजची दगडी भिंत. लिंबं चिरडून गाडी मागे घ्यायची, तेवढ्यापुरती जागा होती. भाऊ आत बसला, उजवा पाय ब्रेकवर ठेवून त्याने गिअरचा दांडा पुढच्या खुणेवर ओढला. आबांनी नारळ दगडावर आपटला. एका फटक्यात फुटला, पाणी उडालं, आणि ते भकलं उचलायला वाकले.

भावाचा डावा पाय मी उघड्या दारातून पाहिला. तो जोरात खाली गेला, जिथे ट्रकला क्लच असतो तिथे. तिथे नुसता पत्रा होता. आणि त्याच वेळी ब्रेक सोडून उजव्या पायाने त्याने सलामी दिली.

आबा ओरडले नाहीत. भिंतीचा आवाज झाला. भावाने गाडी मागे घेतली तेव्हा आबा भिंतीला टेकून बसल्यासारखे खाली आले, मांडीपासून खाली सगळं चुरलेलं. धोतर पांढरं राहिलं नव्हतं. मी आजही हे लिहिताना थांबते आणि तोच विचार करते. गाडी आधीसारखी मठ्ठ असती तर आधी घुरघुरली असती, थरथरली असती. तेवढ्यात आबा सरळ उभे राहून, भावाला एक शिवी घालून, बाजूला झाले असते.

गावातल्या डॉक्टरांनी पट्ट्या आवळून बांधल्या आणि ताबडतोब मुंबईला न्या म्हणाले. स्टँडवर त्या वेळी एकही टॅक्सी नव्हती. असती तरी काय, इतकी जोरात पळणारी गाडी साऱ्या पनवेलात दुसरी नव्हती. भाऊ दाराशी उभा होता, आत बसेना. मिस्त्रीने विचारलं, मी चालवू का. तेव्हा मागच्या सीटवरून आबाच बोलले, की पोरालाच बसू दे.

मी आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. भावाने गाडी कशी नेली ते मला सांगता येणार नाही, मी बाहेर पाहिलंच नाही. मुंब्र्याजवळचा तो चढ आला. पुढे पुन्हा एक ट्रक आडवा आला, भावाने करकचून ब्रेक दाबला, ट्रक हलला आणि त्याने पाय दिला. गाडी अशी उसळली की मी सीटमध्ये रुतले. आबांनी डोळे उघडले.

‘पलते रं आता,’ ते म्हणाले. ‘बरी पलते.’

भाऊ पुढे बघत ढसढसा रडायला लागला आणि गाडी चालवत राहिला. मला त्या क्षणी आबांचा भयंकर राग आला. मरणाच्या दारात पडलेल्या माणसाने एवढं चांगलं असू नये. शिव्या दिल्या असत्या तर भाऊ कदाचित सावरला असता, असं मला अजून वाटतं.

वेळेत पोहोचलो, असं हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाय कापला. हवालदार जबानी घ्यायला आला तेव्हा भाऊ सगळं सांगायला पुढे झाला, पण आबांनी त्याला खोलीबाहेर काढलं आणि स्वतःच सांगितलं.

‘नारलाच्या पान्यावरून माजा पाय सरकला. मीच गाडीवर परलो. गाडी जाग्यावर होती.’

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. गाडी जागेवर असताना भिंतीत माणूस कसा चुरतो, हे त्यालाही कळत होतं. मी मान खाली घातली. त्याने लिहून घेतलं. भावाचं लायसन्स जायचं टळलं. आबांना तेवढंच हवं होतं, पोराचे पाय कोरडे राहायला हवे होते. मग जखम चिघळली, ताप चढला. शुद्धीत होते तोवर भावाला एकच सांगत राहिले, ‘मना घरी तूच ने. दुसऱ्याच्या गाडीत नको.’ आम्हाला वाटलं, बरे झाल्यावरचं बोलतात.

त्यांना घरी भावानेच नेलं. हॉस्पिटलवाले शववाहिका देत होते, ती त्याने घेतली नाही. मागची सीट आबांना पुरली. मी पुढे भावाच्या शेजारी बसले.

गाडी हळू चालायला तयार नव्हती. इंजिनचा वेग वाढवून ठेवलेला, पट्टे आवळलेले. पायही न देता ती ओढ घेत होती, दावं तोडायला निघालेल्या खोंडासारखी. आणि भावाला तर हळूच जायचं होतं. आबांना एक हिसका बसू द्यायचा नव्हता त्याला. म्हणून त्याने डावा पाय ब्रेकवर ठेवला. हॉस्पिटलच्या फाटकापासून ठेवला तो उचललाच नाही. ठाणं गेलं, मुंब्र्याचा चढ गेला, मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते, शिव्या देत पुढे जात होते. ब्रेक तापून जळका वास सुटला. त्याच्या मांडीला पेटके येत होते, मला दिसत होतं. मी एकदा म्हटलं, थोडा वेळ थांबू या. तो म्हणाला, ‘ताय, सोडला तं उसलंल.’

घरी पोहोचलो तेव्हा अंगणात अख्खं गाव जमलं होतं. बायकांनी हंबरडा फोडला. माणसं पुढे आली, मागची दारं उघडली, आबांना अलगद उचलून आत नेलं. गाडी रिकामी झाली. भाऊ तसाच बसून होता. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, डावा पाय ब्रेकवर गच्च. इंजिन चालूच होतं. समोर कोणी नव्हतं, तुळशीवृंदावनापर्यंत सगळं अंगण मोकळं होतं.

पाय काढ, मी त्याला म्हटलं. तो काढेना. पुढे उरलेल्या आयुष्यात तो कुठलीही गाडी चालवायला बसला नाही, मिठागरावर गेला, आबांसारखाच. पण ते नंतरचं. त्या वेळी मला एवढंच कळलं की त्याला आता पाय उचलता येणार नाही. मी वाकले, त्याच्या गुडघ्यावरून हात घातला आणि चावी फिरवून गाडी बंद केली.