चारुदत्तची तुळस

हसू नका, पण चारुदत्तला मी आधी चोर समजले होते. पानचोर!

जर्मनीत बाड हॉम्बुर्गजवळ एका जुन्या मठाची उंच भिंतीआडची बाग आहे. मे महिन्यात तिथे रोपांचा बाजार भरतो. मी आपली गुलाबांचे भाव ऐकून हाय खात होते, तर समोर हा पन्नाशीचा गृहस्थ. प्रत्येक स्टॉलवर एक पान खुडायचा, चुरगळायचा, हुंगायचा आणि पुढे सटकायचा. विकत काही घेईल तर शपथ! शेवटी एक बाई ओरडलीच, "बिटे निष्ट आनफासन!" हात नका लावू म्हणून. हा पुटपुटला, "च्यायला, हा पण सब्जाच!" मला हसू फुटलं.

"काय साहेब, भाजी निवडताय का?"

मराठी ऐकून दचकला. "तुळस शोधतोय, मावशी. पाटीवर सगळे भारतीय बेसिल लिहितात, आणि निघतो सब्जा."

"मावशी? स्वतःचे केस बघ आधी! आणि एवढी घाई कसली? आपल्या भारतीय दुकानवाल्याला सांग, पुढच्या आठवड्यात आणून देईल."

"पुढचा आठवडा नाहीये," तो म्हणाला.

त्याची बायको अहिल्या हॉस्पिट्समध्ये होती. उपचार थांबले की माणसाला नेतात, तिथे. घरची तुळस ती दर हिवाळ्यात हीटरशेजारी ठेवून जगवायची. यंदा ती अंथरुणात आणि हा तिच्या उशाशी. तुळस बाल्कनीतच राहिली, एका थंडीत काळी पडली. गंगाजल होतं घरात. शेवटी तोंडात ठेवायला तुळशीपत्र मात्र नव्हतं.

मग मीही पानं हुंगत सुटले, लोक बघेनात का! भिंतीला लागून एका म्हाताऱ्याच्या टोमॅटोमागे एक उंच, किडकिडीत रोप सापडलं. चारुदत्तने पान नाकाशी नेलं, कुंडी विकत घेतली आणि गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली. हॉस्पिट्सपर्यंत गाडी मीच चालवली.

अहिल्या उशीत पार बुडालेली. चारुदत्तने कुंडी तिच्यासमोर धरली.

"अहो, हा सब्जा आहे." आवाज कसला, नुसती हवा.

"तुळस आहे."

"पान बघा केवढं. सब्जाच."

"अगं, जर्मन खत खाऊन माजलीये."

"मला नका शिकवू."

"मीसुद्धा हुंगलंय हो," मी मध्ये तोंड घातलं.

"तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर."

ती हसली असावी. ओठ जरासे हलले खरे.

चारुदत्तने एक पान खुडलं, चिमटीत चुरडून तिच्या जिभेवर ठेवलं. तिने डोळे मिटले. बराच वेळ उघडेना. तो वाकून तिचा श्वास बघायला लागला.

"तिखट आहे," ती म्हणाली.

"मग?"

"तुळसच. जिंकलात."

"म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला, आणि कुंडी छातीशी धरून तसाच उभा राहिला.