रिकामा काटा

संगणकाबद्दल मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

जळगावच्या कॉलेजात आम्हाला आठवड्यातून एकदा संगणक मिळे. माझ्या बाकावरच्या मित्राकडे तो घरीच होता. त्याने चित्र लपवणारा प्रोग्राम लिहिला. फोटो घातला की पडद्यावर नुसते ठिपके दिसत. सर त्याची पाठ थोपटत आणि मला घास गोड लागत नसे. धुळ्याच्या संगणक स्पर्धेला आमच्यातला एकच जाणार होता.

आमच्या गावी, असोद्याला, कापूस मोजताना वडील व्यापाऱ्याला म्हणत, “भाऊ, आधी रिकामा काटा दाखव.” तेच आठवून मी म्हणालो, “नुसतं काळं चित्र घालून बघ ना.”

प्रोग्राम प्रत्येक ठिपक्यात एक गुप्त आकडा मिळवायचा. काळा म्हणजे शून्य, त्यामुळे गुप्त आकडेच जसेच्या तसे बाहेर आले. सगळ्या चित्रांना तेच आकडे होते. ते वजा करून मी सर्वांसमोर त्याचा फोटो उघडला.

“झाली का जळजळ शांत?” तो हसला. “तुझ्याइतका जळका धुळ्यात कोण भेटणार?”

प्रोग्राम त्याचा, माझी नुसती शंका. सरांनी त्यालाच पाठवलं, आणि प्रोग्रामही त्याने तसाच नेला. एसटीच्या खिडकीतून हलणारा त्याचा हात मला बघवेना.

सोबत गेलेले सर परतल्यावर बातमी कळली. परीक्षकांनी त्याच्याकडे सगळ्यात आधी काळं चित्रच मागितलं होतं.