सोर शहराचं जहाज आणि आमची होडी

गेल्या रविवारी आमच्या बोईसरच्या घरी बायबल वाचायला मंडळी जमली होती. सगळी तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतली, आता कारखान्यांतल्या नोकऱ्यांमुळे इथे स्थायिक झालेली... माझे पप्पाही कोपऱ्यात बसले होते.

पप्पा हाडाचे मच्छीमार. मागच्या वर्षी त्यांची होडी मोडीत काढावी लागली, आणि तेव्हापासून त्यांनी तिचं नावही घेतलं नव्हतं. गावचा विषय निघाला की उठून जायचे. त्यांच्या त्या गप्प राहण्याची मला फार धास्ती वाटायची.

त्या दिवशीचा विषय होता, संदेष्ट्यांनी जुन्या राष्ट्रांना सुनावलेला न्याय. मी मास्तरणीच्या थाटात सोर शहराबद्दल सांगत होते... समुद्रातलं श्रीमंत बंदर, यरुशलेम पडल्यावर 'बरं झालं, आता सगळा धंदा आपला' म्हणून खूश झालेलं. म्हणून यहेज्केल संदेष्टा त्याला बजावतो, तुझा उघडा खडक होईल आणि त्यावर नुसती जाळी वाळत पडतील.

एवढं भयंकर सांगून मी वर बघितलं, तर सगळ्यांचे चेहरे खुललेले! समोरची काकी म्हणाली, "म्हंजे म्हावरा परत आला की त्यांचा!" म्हावरा म्हणजे मासळी, आणि जाळी वाळत पडलेली दिसली की आमच्या लोकांना मासळी मिळाल्याचाच आनंद होतो.

मला हसू आवरेना... पण खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांसमोर आमचाच किनारा आला होता. शाळेतून येताना वाळत घातलेल्या जाळ्यांखालून वाकून पळायचं, आणि पलीकडे पप्पा फाटलेलं जाळं विणत बसलेले असायचे. काय दिवस होते ते!

तेवढ्यात पप्पा बोलले, "फुडं वाच."

पुढच्या अध्यायात संदेष्टा त्याच सोरला एक देखणं जहाज म्हणतो आणि त्याच्यासाठी विलाप करतो. फळ्या कुठल्या लाकडाच्या, डोलकाठी कशाची, वल्ही कशाची, शीड कसलं... एकेक सांगत जातो, आणि मग ते जहाज भर समुद्रात फुटतं. हा भाग मी आजवर नेहमी भराभर उरकत आले होते.

पप्पा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "हा शाप नाय देत, पोरी. हा रडतो हाय. जीव लावल्याबिगर फळी न् फळी ध्यानात रात नाय."

आणि ते आमच्या होडीबद्दल बोलू लागले. तिचं नाव घेतलं. कुठली फळी कोणी बसवली, पहिल्यांदा पाण्यात लोटली तेव्हा आई कशी नवं लुगडं नेसून उभी होती... बोलता बोलता ढसाढसा रडले. कोणी त्यांना थांबवलं नाही. काकी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

अशी भविष्यं म्हणजे देवाचा संताप, एवढंच मी लहानपणापासून धरून चालले होते. त्या संतापात इतकं रडणं असतं, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं...

काल सकाळी पप्पा स्वतःहून म्हणाले, "चल, गावाला जाऊन येऊ." गेलो. होडी लागायची त्या जागी ते बराच वेळ उभे राहिले, आणि मग मला तिच्या गोष्टी सांगत बसले.

देवा, माझा बाप मला परत मिळाला. तुझे आभार कसे मानू...