ताईचं बाळंतपण सासरी का झालं

आमच्या सुनंदाताईला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं, तेव्हा मे महिना होता. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. अंबरनाथला मोरिवलीच्या कडेला आमची बौद्ध वस्ती... गाव वरच्या अंगाला, आम्ही खालच्या, आणि कंपन्यांच्या भिंती थेट आमच्या दारासमोर.

घर एका खोलीचं, वर सिमेंटचे पत्रे. आता टीव्हीवर उष्णतेची लाट म्हणतात, तेव्हा आम्ही नुसतं "यंदा फार तापतंय" म्हणायचो. दुपारी पत्रा असा तापायचा की खाली बसवत नसे.

त्यात समोरच्या कंपनीतून गॅस सोडायचे. खिडकी उघडली की डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. खिडकी लावली की आत भट्टी... दिवसभर आमचं तेच चालायचं, उघड आणि लाव.

तक्रार कोणाकडे करणार? बाबा त्याच कंपनीत कामाला. वस्तीतल्या निम्म्या घरांची चूल त्या भिंतीच्या आतल्या पगारावर पेटत होती.

ताईचा आठवा महिना संपत आला होता. आल्यापासून तिला धाप लागायची. पायांवर सूज, रात्रभर उशीला टेकून बसायची. आई नळाचं पाणी वाचवून ठेवायची आणि गोणपाट भिजवून पत्र्यावर टाकायची, पण ते घटकाभरात वाळून कडक व्हायचं.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ताई बाजूला कलंडली... ताट पालथं झालं. आम्ही तिला रिक्षात घालून उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरांकडे नेलं. माझ्या कॉलेजच्या वाटेवर त्यांचा दवाखाना होता म्हणून मला माहीत.

त्यांनी सगळं तपासलं. मग विचारलं, "किधर रहते हो?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. रोज आमच्या बाजूची किती माणसं त्यांच्याकडे येत असतील कोण जाणे. "बेटा, दवाई मैं देता हूँ," ते म्हणाले, "लेकिन इसको वहाँ से हटाओ. खुली हवा में रखो."

घरी आल्यावर आई म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. लोक काय म्हणतील, पोरीला चार महिने सांभाळता आलं नाही?"

दोन-तीन दिवसांनी ताईच्या सासूबाई आल्या, काशीबाई. बदलापूरजवळ सोनिवलीला राहायच्या. पिशवीत कैऱ्या घेऊन सुनेला भेटायला म्हणून आल्या होत्या. बसून पाणी पितायत तोवर समोरून गॅस सुटला. काशीबाईंना असा ठसका लागला की तोंडाला पदर लावून त्या वाकल्याच. डोक्यावरून घाम, डोळ्यांतून पाणी...

सावरल्यावर त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईला त्या वासाचं काही नवल नव्हतं. ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती.

"विहीणबाई, सुनंदाला मी नेते," काशीबाई म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. "का? माझ्या घरात काय कमी आहे?"

"कमी काय नाय ओ. हवा नाय."

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ती रडतेय. आजोबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

काशीबाई उठल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही पन चला ना. डिंकाचे लाडू तुम्ही करा, पोरीला न्हाऊमाखू तुम्ही घाला. घर तेवढं माझं. म्हंजे माहेरच झालं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि ताई दोघी गेल्या.

सोनिवलीचं ते घर कौलारू, मागे आंब्याची दोन झाडं, पलीकडे शेतं. मी रविवारी जायचे. तिसऱ्या रविवारी गेले तर ताई पडवीत आडवी झोपली होती, चक्क आडवी. आणि आणखी एक गोष्ट... आईचा खोकला थांबला होता. कित्येक वर्षं सकाळी आम्ही तिच्या खोकल्यानेच उठायचो, आम्हाला वाटायचं तिचं वयच झालं.

ताईला मुलगी झाली. अंगाने बारीक, पण रडणं खणखणीत.

आमच्या शेजारी रमा राहायची, ताईच्याच वयाची. तिलाही तेव्हाच दिवस गेले होते. तिचं सासर आमच्या वस्तीत आणि माहेर त्याच वस्तीत मागच्या गल्लीत. तिचं बाळ दिवस भरायच्या आत गेलं. का गेलं ते कोणी सांगितलं नाही, आणि विचारायला तरी कोण जाणार होतं...

पावसाळा सरल्यावर ताई बाळाला घेऊन भेटायला आली. आई तोवर परत आली होती आणि पुन्हा खोकायला लागली होती. रमा दारात आली. आम्हाला वाटलं, ती आत येणार नाही. पण आली, बाळाला मांडीवर घेतलं.

मग हळूच विचारलं, "तिकडे हवा कशी आहे गं?"

"चांगली आहे," ताई एवढंच म्हणाली.

काशीबाई आता नाहीत. त्यांनी माझ्या आईचा मान राखून माझ्या बहिणीला वाचवलं, हे मी कधी विसरणार नाही. पण नीट श्वास घ्यायला माणसाला सोनिवलीत एखादी सासू असावी लागते, हे मला अजून पचत नाही...