स्टाफरूममधली किणकिण

साठ सालानंतरची गोष्ट. केळापूर तालुक्यातल्या एका गावी, मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. वय बावीस, आणि नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं...

स्टाफरूम म्हणजे काय, एक लांब टेबल आणि भोवती आम्ही पाच बाया. मधल्या सुट्टीत सगळ्याजणी पाट्या आणि वह्या तपासायला बसल्या की टेबलाच्या कडेवर बांगड्या वाजायला लागायच्या. किणकिण... किणकिण... लोकांना तो आवाज गोड वाटतो म्हणे! माझ्या मात्र अंगावर काटा यायचा, आणि वाटायचं, आता उठून जोरात ओरडावं.

हे काही नवीन नव्हतं. लहानपणी वडील बशीतला चहा फुर्रकन ओढायचे तेव्हा मी कानात बोटं घालून परसात पळायचे, आणि घरचे म्हणायचे, पोरगी फार नखरेल आहे.

शाळेत मी वह्या उचलून व्हरांड्यात जाऊन बसायचे. बाकीच्या बायांनी त्याचा भलताच अर्थ लावला... बिचारीला दुसरीच्या हातातला चुडा पाहवत नाही. मग माझ्यासमोर सणावारांची बोलणी बंद झाली, संक्रांतीचा तिळगूळ मला वेगळ्या पुडीत आणून दिला. त्या दयेचा मला इतका राग यायचा, की काही विचारू नका.

एकटी कमल माझ्या मागे व्हरांड्यात आली. माझ्याच वयाची, तिसरीच्या वर्गाची बाई. "काहून वं, रडून राह्यली का?" तिनं विचारलं.

मी चिडून खरं ते सांगून टाकलं. रडायला मला घर आहे, इथं मला फक्त तुमच्या बांगड्यांचा आवाज सहन होत नाही. वाटलं, आता ही हसेल नाहीतर फणकारून निघून जाईल.

"मंग पयलेच काहून नाही सांगितलं मले?" एवढंच म्हणाली ती. माझ्या आयुष्यात माझ्या कानांवर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस.

दुसऱ्या दिवसापासून कमल टेबलाशी बसली, की दोन्ही हातांत एकेक बांगडी ठेवायची आणि बाकीच्या उतरवून रुमालात बांधायची. हात सडसडीत, बांगड्या सहज निघायच्या. एकटी बांगडी कशाला वाजते, असं तिचं साधं गणित. घरी जाताना परत सगळ्या हातात. आम्ही शेजारी बसून वह्या तपासायचो, मुलींच्या गमती सांगून हसायचो... त्या काळातले माझे तेवढेच दिवस बरे गेले.

आजच्या मुलींना यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, अशी रीत. आणि इथं तर सवाष्ण बाई आपल्या हातांनी बांगड्या उतरवत होती, तेही एका विधवेसाठी.

नेमका उन्हाळ्यात कमलच्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरेना, आणि अशात कुणीतरी तिच्या सासूच्या कानावर घातलं, की तुमची सून शाळेत बांगड्या काढून ठेवते. झालं... नवरा पुढं बरा झाला, पण कमलची नोकरी सुटली. इतकी छान शिकवणारी बाई, मुली तिच्यावर जीव टाकायच्या, ती घरी बसली.

मी भेटायला गेले. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"तुमच्यावर राग नाही बाई," त्या म्हणाल्या. "पण माह्या पोराचा जीव जाऊन राह्यलता. तुम्ही नका येत जाऊ आता." त्यांच्या आवाजात खरंच राग नव्हता, नुसती भीती होती.

तेवढ्यात कमल आतून पाणी घेऊन आली. सासूनं तिचे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरून टाकले होते. एका हातात पेला होता... आणि दुसऱ्या हाताला पदर गुंडाळून तिनं पेल्याच्या हातावरच्या बांगड्या गच्च दाबून धरल्या होत्या. अगदी हळू चालत आली. एवढं सगळं होऊनही तिला माझ्या कानांची काळजी होती!

पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि निघाले. पुढं माझी बदली झाली, तिची भेट परत कधीच झाली नाही.

तिचे आभार मानायचे राहिले, त्याचं तर वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त सलतं ते दुसरंच...

"वाजू दे वं कमल," एवढं त्या दारात म्हणायला हवं होतं मी.